घरगुती सौर वीजसंच

घराच्या गच्चीवर, कौलांवर किंवा पत्र्यावर पॅनेल बसवून सूर्यप्रकाशापासून थेट वीज तयार करणारा, आणि ती घराला व वीज कंपनीच्या तारांना पुरवणारा संच. बोलताना याला ‘रूफटॉप सोलर’ म्हणतात. नुसते ‘सोलर’ म्हटले की पुण्या-कोल्हापुराकडे अजूनही अनेकांच्या डोळ्यांसमोर आंघोळीच्या पाण्याची टाकी येते. पण त्या टाकीत उन्हाच्या उष्णतेने पाणी तापते, वीज तयार होत नाही. वीजसंचाला ऊब नको असते, उजेड हवा असतो.

उजेडापासून वीज निर्माण होते हे फ्रान्सच्या एडमंड बेकरेल यांनी 1839 मध्ये पाहिले होते. कामाला येईल असा सिलिकॉनचा सौरघट मात्र अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत 1954 मध्ये तयार झाला. त्यावर पडणाऱ्या उजेडापैकी सुमारे 6 टक्क्यांचीच वीज होत असे. आज घरांवर बसणारी पॅनेल साधारण 20 ते 22 टक्क्यांपर्यंत पोचली आहेत.

सौरघट म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती. तिच्या एका थरात फॉस्फरस आणि दुसऱ्यात बोरॉन अत्यल्प प्रमाणात मिसळलेले असते, त्यामुळे दोन थरांच्या सीमेवर कायमचे विद्युतक्षेत्र तयार होते. प्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन हे क्षेत्र एकाच दिशेला ढकलते, आणि प्रवाह सुरू होतो. काही हलत नाही, जळत नाही, आवाज होत नाही. एका घटाचा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट असतो. म्हणून पॅनेलमध्ये अनेक घट आणि छतावर अनेक पॅनेल एकामागोमाग जोडून दाब काही शे व्होल्टपर्यंत नेतात.

या एकामागोमाग जोडणीमुळेच सावली फार महाग पडते. साखळीतला एक घट झाकला गेला की तो साऱ्या साखळीचा प्रवाह अडवतो आणि स्वतः तापतो. प्रत्येक पॅनेलमध्ये सहसा तीन बायपास डायोड असतात. ते प्रवाहाला वळसा देतात, पण तेवढ्या भागाची वीज जातेच. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारच्या नारळाची झावळी यांची सावली सकाळी आणि दुपारी कुठे पडते हे बसवण्याआधीच पाहावे लागते, आणि तेही हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो हे लक्षात ठेवून. आपल्याकडे पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि कल साधारण त्या गावाच्या अक्षांशाइतका ठेवतात: मुंबईत सुमारे 19 अंश, नागपुरात 21.

पॅनेलवर छापलेले वॅट 25 अंश सेल्सिअस तापमानाच्या घटासाठी असतात. मे महिन्यात विदर्भातल्या गच्चीवर पॅनेल 60 अंशांच्या वर तापते आणि दर अंशामागे उत्पादन साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. म्हणून पॅनेल छताला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल असे उचलून बसवतात.

पॅनेलची वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी असते. इन्व्हर्टर तिची 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी, वीज करतो आणि तिची लय बाहेरच्या लाइनशी तंतोतंत जुळवतो. समजा दुपारी संच 2.2 किलोवॅट देत आहे आणि फ्रिज, पंखे, पाण्याची मोटर मिळून 0.7 किलोवॅट लागत आहेत. उरलेले 1.5 किलोवॅट मीटरमधून बाहेर जातात आणि बहुधा शेजारच्याच घरात वापरले जातात. रात्री उलट, सगळी वीज लाइनवरून येते. साध्या संचात वीज साठत नाही.

लाइट गेली की हा संचही बंद पडतो. भर उन्हात छतावर पॅनेल असताना घरात पंखा फिरत नाही, याने अनेक घरांत मोठा हिरमोड होतो. पण त्यामागे माणसाच्या जिवाची काळजी आहे: बंद केलेल्या लाइनवर काम करणाऱ्या लाइनमनला छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून इन्व्हर्टर लाइन गेल्याचे ओळखून लगेच थांबतो. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल, तर बॅटरीचा हायब्रिड संच घ्यावा लागतो आणि खर्च बराच वाढतो. विकणाऱ्याने हे आधी सांगायलाच हवे.

एक किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला 4 युनिट मिळतात. म्हणजे 3 किलोवॅटचा संच महिन्याला सुमारे 360 युनिट देतो. त्यांपैकी 120 दिवसा घरातच वापरली, 240 बाहेर गेली आणि रात्री 200 आत आली, तर 40 युनिट खात्यावर जमा होतात. घरातच वापरलेली 120 युनिट नेट मीटरला, म्हणजे आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज मोजणाऱ्या मीटरला, दिसतच नाहीत. ‘संचाने 360 केली, बिलावर 240 च का?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर हेच. शिल्लक युनिट पुढच्या बिलात वळती होतात, आणि कोकणात-घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन घसरते तेव्हा उपयोगी पडतात. महाराष्ट्रात हा हिशेब आर्थिक वर्षाच्या शेवटी, 31 मार्चला मिटवला जातो. स्थिर आकार मात्र द्यावाच लागतो, त्यामुळे ‘बिल शून्य’ ही जाहिरात जशीच्या तशी घेऊ नये.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या 2 किलोवॅटना प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000 रुपये, म्हणजे घराला कमाल 78,000 रुपये अनुदान ठरले. गृहनिर्माण सोसायट्यांच्या लिफ्ट, पंपासारख्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये आहेत. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी त्याच वर्षी राज्यातले पहिले सौरग्राम, म्हणजे सौरविजेवर चालणारे गाव, ठरली.

देखभाल थोडीच, पण ती नेमाने करावी लागते. पॅनेल सकाळी गार असतानाच साध्या पाण्याने धुवावीत. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. बोअरचे जड पाणी वाळले की काचेवर पांढरे डाग धरतात. अर्थिंग पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे. इन्व्हर्टर बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलपासून त्याच्यापर्यंतच्या तारांत डीसी दाब कायम असतो, त्यामुळे त्यांचे जोड घरच्या घरी उघडू नयेत.