गोष्ट आणि कथानक

काय घडले ते घडले त्या क्रमाने सांगितले की गोष्ट होते. त्याच घटना कारणांच्या धाग्यात गुंफल्या की कथानक होते. नाटकवाले त्याला संविधानक म्हणतात. 'कथा' हा शब्द मराठीत साहित्यप्रकारालाही लागतो, म्हणून या भेदापुरता 'गोष्ट' हाच शब्द बरा.

सांगलीजवळच्या हरिपूरला पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, दोघा भावांनी हळद ठेवली. कृष्णेला पूर आला. थोरल्याने वाटणी मागितली. ही झाली गोष्ट. आता थोरल्याला मुलीच्या लग्नासाठी हळद लगेच विकायची होती. धाकटा म्हणाला, भाव चढेपर्यंत थांबू; म्हणून माल पेवातच राहिला, पाणी शिरून कुजला आणि वाटणी निघाली. घटना त्याच, पण आता पुराच्या आधीच घरात तडा गेलेला दिसतो.

कालक्रम आणि कार्यकारण हा भेद इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये केंब्रिजच्या व्याख्यानांत मांडला. रशियन रूपवाद्यांचा, म्हणजे साहित्याच्या घडणीवर भर देणाऱ्या समीक्षकांचा, भेद निराळा: घडण्याचा क्रम आणि सांगण्याचा क्रम. कुजकी हळद बाहेर काढण्यापासून सुरुवात केली, तर फक्त सांगण्याचा क्रम बदलतो. कारणे लेखकालाच पुरवावी लागतात. फ्लॅशबॅक घातला म्हणजे कथानक जमले, ही नवोदितांची नेहमीची चूक.

सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचे नाटक केले, तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे प्रेक्षकांना ठाऊकच होते. 'पुढे काय' हे कुतूहल नसतानाही नाटक रंगू शकते, ते मांडणीवर.

लिहिताना एका चिठ्ठीवर एकच घटना लिहावी; लघुकथेला दहा-बारा चिठ्ठ्या पुष्कळ. त्या आधी तारखेप्रमाणे लावाव्यात. लगतच्या दोन चिठ्ठ्यांमध्ये 'म्हणून' किंवा 'पण' बसतो का पाहावे. नुसते 'आणि मग' बसत असेल तर सांधा कच्चा आहे. मग एकेक चिठ्ठी काढून पाहावी. बाकीचे काही ढासळले नाही, तर ती घटना कितीही लाडकी असो, वगळावी. सांगण्याचा क्रम शेवटी ठरवावा.

योगायोग अडचण उभी करायला चालतो, पूर चालतो. पण पुरात वाहून आलेल्या पेटीत लग्नापुरते पैसे निघाले, तर वाचक पुस्तक मिटतो.