पार्श्वभूमी : निकाल वाचण्याआधी पट वाचा

मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या सहावी-सातवीच्या मुलांना साधा भागाकार जमत नाही, अशी चर्चा अधूनमधून उठते. ती शिक्षकांपासून सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच थांबते. त्या वर्गात आज कोण बसले आहे आणि पूर्वी बसणारी मुले कुठे गेली, हे फारसे कोणी विचारत नाही. या वर्गांचा निकाल कळायचा असेल तर आधी त्यांचा पट, म्हणजे हजेरीवरची मुले, कसा घडला ते पाहावे लागते.

१८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने प्राथमिक शिक्षण हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. १९२० मध्ये शहरासाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा वेगळा कायदा झाला आणि १९२५ मध्ये एफ आणि जी वॉर्डात सक्ती लागू झाली. परळ, दादर, वरळीचा हा भाग, म्हणजे बराचसा गिरणगाव. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांची मुले या शाळांत शिकली. तेव्हा सातवी ही मोठी पायरी होती. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास झालेला माणूस शिक्षक किंवा तलाठी होऊ शकत असे. पाचवी ते सातवीच्या वर्गात बसणारे मूल हे घराला वर नेणारे मूल होते आणि आईवडील त्याच्याकडे तसेच पाहत.

मुंबई नुसती मराठी कामगारांची नव्हती. त्यामुळे पालिकेने मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून शिकवले. आपल्या देशात एवढे औदार्य दाखवणारी शहरे फार थोडी असतील. याचा एक परिणाम बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. पालिकेची एक इमारत म्हणजे एक शाळा नव्हे. तळमजल्यावर मराठी, वर उर्दू, दुपार अधिवेशनात हिंदी, आणि प्रत्येकीचा मुख्याध्यापक व पट वेगळा. एकाच फाटकातून आत जाणाऱ्या दोन शाळांचे निकाल वेगळे असतात, कारण त्यांच्या वस्त्या आणि त्यांचे स्थलांतर वेगळे असते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि बहुतेकांचे काम कायमचे गेले. काही कुटुंबे गावी परतली, काही डोंबिवली, विरार, बदलापूरकडे सरकली. लालबाग-परळच्या शाळांत तुकड्या कमी होत गेल्या. दुसरीकडे गोवंडी, मानखुर्द, मालवणी भरत गेले. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी उठवलेल्या झोपड्यांचे पुनर्वसनही मानखुर्दच्या इमारतींत झाले. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडी-मानखुर्दचा एम पूर्व विभाग सर्वांत खाली होता. दक्षिणेत खोल्या रिकाम्या आणि उपनगरांत एकेका बाकावर दाटी, हे चित्र संपानंतरच्या वर्षांपासूनचे आहे.

मग इंग्रजी आली. २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला, सेमी इंग्रजीचे वर्ग निघाले, तरी ज्यांना फी परवडत होती ते पालक खासगी इंग्रजी शाळांकडे वळलेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांच्या सुरुवातीच्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांना दिल्या. अर्ज भरण्याची धडपड करणारे पालक त्या वाटेने गेले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण गेलेल्या प्रत्येक मुलाबरोबर वर्गाला पाठबळ देणारे एक घर कमी झाले आणि राहिलेल्यांचा निकाल आपोआप खाली दिसू लागला.

पट घटला की संच मान्यतेत, म्हणजे पटावरून पदे ठरवताना, शिक्षकांची पदे कमी होतात, अतिरिक्त शिक्षकांचे दुसऱ्या शाळांत समायोजन होते. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला भाषा, सामाजिक शास्त्रे आणि गणित-विज्ञान यांचे किमान एकेक शिक्षक हवेत. गणिताचा माणूस बदलून गेला आणि जागा महिनोन् महिने रिकामी राहिली, तर वर्गाचे जे होते त्याला मुलांची कुवत म्हणणे अन्याय आहे.

२०२० मध्ये जोगेश्वरीच्या पूनम नगर शाळेला सीबीएसई आणि माहीमच्या वुलन मिल शाळेला आयसीएसई मिळाले. पुढे अशा शाळा वाढल्या आणि प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. पालिकेवरचा विश्वास परत येतो आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र सोडतीसाठी अर्ज करणारे पालक आणि शेजारच्या माध्यमाच्या शाळेत वर्षाच्या मध्येच येणारी मुले यांची तुलना करून कोणाला नापास ठरवू नये.

मोजमापही तोकडे आहे. मुलांचे वाचन आणि गणित तपासणारे ‘असर’ सर्वेक्षण करणारी प्रथम संस्था मुंबईच्या वस्त्यांतच सुरू झाली, पण ते सर्वेक्षण ग्रामीण भारतापुरते आहे. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण नमुन्यावर चालते, त्यातून जिल्ह्याचे चित्र मिळते, एखाद्या शाळेचे नाही. पटावरही आंधळा भरवसा ठेवता येत नाही. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत एकच मूल दोनदा मोजले जाऊ नये म्हणून राज्यभर मुलांच्या बोटांना शाई लावून डोकी मोजावी लागली होती. म्हणून शाळेच्या निकालाशेजारी तीन आकडे छापले जावेत असे मला वाटते: वर्षात नवे आलेले, दाखला घेऊन गेलेले आणि वयानुरूप प्रवेश मिळालेले.

तिसरा आकडा आता अधिक महत्त्वाचा झाला आहे. कधीच शाळेत न गेलेल्या बारा वर्षांच्या मुलीला शिक्षण हक्क कायद्याने थेट तिच्या वयाच्या वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षणाचा हक्क दिला. २०२३ मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. नापास झाल्यास फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. अशा मुलीला सहावी किंवा सातवीत बसायचे तर आता आधी पाचवीची ही परीक्षा पास व्हावे लागते, नाहीतर तिला पाचवीतच प्रवेश मिळतो, आणि तिचे विशेष प्रशिक्षण प्रत्यक्षात किती दिवस झाले याची नोंद गुणपत्रिकेत कुठेच नसते.