त्याचा बापही उशिराच बोलला होता

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लहान मुले सजवलेला लाकडी नंदी ओढत घरोघरी जातात आणि बोजारा मागतात. अशा वेळी एखादा सहा वर्षांचा मुलगा ओट्यावर एकटाच बसलेला असतो. नंदी उलटा करून त्याचे एकच चाक तो डोळ्यांजवळ धरून फिरवत राहतो आणि डफडे वाजू लागले की कानांवर हात दाबतो. घरातल्या कोणालाही त्यात वावगे वाटत नाही, कारण तो पहिल्यापासून तसाच आहे. आजी तर ठामपणे सांगते, “बोलन तो हळूहळू, त्याचा बाप बी उशिराच बोलला व्हता.”

पुढे शाळेतल्या बाईंच्या सांगण्यावरून जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी होते, डॉक्टर ऑटिझम म्हणजेच स्वमग्नता (इतरांशी संवाद साधणे आणि मिसळणे अवघड जाण्याची अवस्था) असल्याचे सांगतात आणि आईवडिलांच्या पायाखालची जमीन सरकते. वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर असलेली गोष्ट इतकी अनपेक्षित का वाटावी? माझ्या मते त्याचे उत्तर आजीच्या त्या वाक्यातच आहे. ज्या घराण्यात कमी बोलणारे, ठरलेल्या क्रमाला चिकटून राहणारे, गर्दी टाळणारे लोक आधीपासून आहेत, तिथे असे मूल वेगळे म्हणून उठून दिसत नाही. ते घरातल्या कोणासारखे तरी असते.

अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन करून ही अवस्था प्रथम सविस्तर मांडली. ती उपजत असावी असे त्यांनी लिहिले होते आणि या मुलांचे आईवडील अनेकदा अबोल, आपल्याच विचारात गढलेले असतात, असेही नोंदवले होते. पुढच्या काळात या नोंदीचा अत्यंत दुर्दैवी अर्थ लावला गेला. आईने माया लावली नाही म्हणून मूल असे झाले, ही समजूत कित्येक वर्षे टिकली आणि असंख्य मातांनी ती निमूटपणे सोसली. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या तपासल्या. त्यांपैकी ११ एकसारख्या, म्हणजे जवळपास सारखीच जनुके असलेल्या जुळ्यांच्या जोड्यांत ४ ठिकाणी दोन्ही भावंडे स्वमग्न होती. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकही नव्हती. भाषा उशिरा येण्यासारख्या सौम्य अडचणीही धरल्या, तेव्हा एकसारख्या जुळ्यांतील हे प्रमाण ११ पैकी ९ जोड्यांवर गेले. म्हणजे पिढीतून पुढे जाते ती नेहमी पूर्ण स्वमग्नताच असते असे नाही. तिच्या छटाही जातात. पाच देशांतील वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१९ मधील अभ्यासाने आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के असल्याचा अंदाज दिला. यामागे एखादे दुसरे नव्हे तर शेकडो जनुके आहेत, आणि काही मुलांत तर आईवडिलांकडे नसलेला नवाच जनुकीय बदल आढळतो.

म्हणून गरोदरपणात आईने काय खाल्ले, कोणाची नजर लागली, ग्रहणात काय घडले, या चौकशा थांबायला हव्यात. लसीमुळे स्वमग्नता येते हा आरोपही खरा नाही. तो करणारा १९९८ चा, अवघ्या १२ मुलांवरील लेख नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

आपल्याकडे निदानासाठी चाळीस मुद्द्यांची भारतीय मापनपद्धती वापरतात. मूल नजरेला नजर देते का, त्याच त्या वस्तूत रमते का, बदल झाला की बिथरते का, असे प्रश्न आईवडिलांना विचारले जातात. उत्तरे देताना काही वडिलांना आपलेच बालपण आठवू लागते. लग्नाच्या पंगतीत न थांबणारा, कापसाचे मागच्या अनेक हंगामांतले भाव तोंडपाठ असणारा माणूस लगेच स्वमग्न ठरत नाही, कारण रोजच्या जगण्यात ठळक अडचण असेल तरच निदान होते. तरीही ही ओळख पटणे मोलाचे आहे, असे मला मनापासून वाटते. मुलाला गोंगाटाचा त्रास कसा होतो हे त्या घरात आधीच एकाला आतून ठाऊक असते, आणि मूल परके वाटत नाही.

दुःख होणारच, त्याला वेळ द्यावा. मात्र गंडेदोऱ्यांत महिने घालवू नयेत. मुलाची ऐकण्याची तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळू शकते. उपचार म्हणजे दर आठवड्याला एसटीने नागपूर गाठणे एवढेच नव्हे. गोवा आणि रावळपिंडी येथील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तज्ज्ञ नसलेल्या आरोग्यसेवकांनी पालकांना मुलाशी खेळतानाची त्यांचीच चित्रफीत दाखवून, त्याच्या कलाने प्रतिसाद कसा द्यावा हे शिकवले. आठ महिन्यांनी पाहिले तेव्हा त्या मुलांचे स्वतःहून संवाद सुरू करणे वाढले होते. चाक फिरवणाऱ्या मुलाच्या हातून नंदी काढून घेण्याऐवजी शेजारी बसून दुसरे चाक फिरवावे आणि तो आपल्याकडे पाहीपर्यंत थांबावे, अशी ही रीत आहे.

घरात धाकटे भावंड असेल, तर त्याच्यात स्वमग्नता असण्याची शक्यता साधारण पाचात एक असते. वर्षाचे होईपर्यंत ते नावाने हाक मारल्यावर वळते का आणि पुढच्या काही महिन्यांत हवी ती वस्तू बोटाने दाखवते का, हे पाहावे. शंका आल्यास, अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या बालस्वास्थ्य पथकाला त्याच वेळी सांगावे.