कुस्वाद: गोव्याच्या नाताळात शेजारी जाणारं ताट

डिसेंबरचे शेवटचे दिवस आले की गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतून झाकलेली ताटं बाहेर पडतात. ताटावर क्रोशाचा किंवा भरतकामाचा रुमाल, खाली नेवऱ्या म्हणजे करंज्या, कुलकुल, दोदोलच्या वड्या, बेबिंकाचे काप, डाळीचा दोस, पेरूचं पेराद, खोबऱ्याची बोलिन्यास बिस्किटं. पोरंसोरं ती शेजारच्या दारांत पोचवतात. ह्या ताटाला पोर्तुगीज वळणाने ‘कोन्सुआद’ म्हणतात, बोलण्यात ‘कुस्वाद’, आणि मंगळूरकडच्या कोकणी ख्रिस्ती घरांत ‘कुस्वार’.

नाव पोर्तुगालचं असलं तरी तिथे शेजाऱ्याच्या दारात ताट नेण्याचा हा प्रकार नाही. तिथली कोन्सुआद म्हणजे २४ डिसेंबरच्या रात्रीचं घरच्यांचं जेवण. दिवसभराच्या उपासानंतर उकडलेला खारवलेला कॉड मासा, बटाटे, कोबी, वर ऑलिव्हचं तेल, आणि मग गोडधोड. उत्तर पोर्तुगालात काही घरांत त्या रात्री जेवण झाल्यावरही टेबल आवरत नाहीत, घरातल्या मृतांसाठी ते तसंच मांडून ठेवतात. सगळा सोहळा उंबऱ्याच्या आतला. गोव्यात आल्यावर तो उंबरा ओलांडून बाहेर कसा पडला, हा मला ह्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा प्रश्न वाटतो.

ह्याचं उत्तर गोव्यातल्याच एका जुन्या रीतीत असावं. लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माहेरून सासरी ‘वजें’ जातं. त्यात फळं, नेवऱ्या, लाडू असं बरंच काही भरलेलं असतं, आणि ते सासरच्या माणसांनी एकट्यानेच संपवायचं नसतं. वाड्यावर घरोघरी त्याचा वाटा पोचला पाहिजे. ख्रिस्ती लग्नांतही हेच वजें टिकून राहिलं. वधूच्या घरून दोस, ‘बोल’ नावाचा गोड पाव, केळी येतात आणि वराकडची माणसं ती शेजारीपाजारी वाटतात. गोड पदार्थ घरात आला की त्यावर शेजाऱ्याचा हक्क आहे, ही समजूत धर्म बदलल्यावरही बदलली नाही. नाताळच्या ताटाने तिचाच रस्ता धरला, असं मला वाटतं.

आणि हे सहजासहजी झालेलं नाही. पोर्तुगीज सेनानी अफोंसो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतला. पुढच्या काही दशकांत तिसवाडी, बार्देस आणि सासष्टीत मोठ्या प्रमाणावर धर्मांतरं झाली, देवळं पाडली गेली, कित्येक कुटुंबांनी आपले देव नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला नेले. एकाच कुळातली काही माणसं ख्रिस्ती होऊन गावात राहिली, काही हिंदू राहून बाहेर गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्धचं वागणं शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आलं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत टिकलं. त्याच्या १७३६ च्या फर्मानात नवख्रिस्त्यांच्या घरातल्या बारीकसारीक रीतींवर बंदी आहे: लग्नातली कोकणी गाणी, पान-सुपारी-फुलं वाटणं, अळणी भात शिजवणं, दारातली तुळस. सत्तेला इतक्या खोलवर हात घालावा लागला, ह्यावरूनच ह्या रीती किती चिवट होत्या हे कळतं. अशा काळात चर्चला मान्य असलेल्या सणाच्या दिवशी ताट शेजाऱ्याकडे नेता येतं, हा केवढा मोठा दिलासा असेल!

आता ताटातले जिन्नस. त्यांनी निम्मं जग पाहिलेलं आहे. पोर्तुगालच्या मठांत अंड्यातला पांढरा बलक कपड्यांना खळ करायला आणि वाइन स्वच्छ करायला वापरत. उरलेल्या पिवळ्या बलकांतून आणि आधी मदैराच्या, मग ब्राझीलच्या साखरेतून तिथल्या जोगिणींनी गोड पदार्थांची अख्खी परंपरा उभी केली. बेबिंका त्याच घराण्यातला. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या बेबियाना नावाच्या जोगिणीने तो पहिल्यांदा केला अशी कथा सांगतात. कथा खरी असो नसो, पदार्थात पोर्तुगीज बलक आणि कोकणी नारळाचा रस एकजीव झाले आहेत एवढं खरं. पीठ, साखर, बलक आणि नारळाचं दूध ह्यांचा पातळ घोल, एकेक थर ओतायचा, झाकणावर नारळाच्या सोडणांचा विस्तव ठेवून वरून भाजायचा, तूप सोडायचं, मगच पुढचा थर. किमान सात थर. दुपार त्यातच जाते.

दोदोल पूर्वेकडचा. मलेशिया, इंडोनेशिया, श्रीलंकेत तो ह्याच नावाने होतो. आल्बुकेर्कने १५११ मध्ये मलाक्का जिंकल्यावर गोवा आणि मलाक्का एकाच सत्तेखाली, एकाच जलमार्गावर आले. गोव्यात त्यात तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ. तांब्याच्या भाणात तो तासन्‌तास ढवळावा लागतो, हात थांबला की खाली लागतो. एकट्या बाईचं ते काम नव्हेच. शेजारणी आळीपाळीने ढवळायला येत, म्हणजे ज्यांच्या घरी पुढे ताट जायचं त्यांचेच हात आधी त्याला लागलेले असत. कुलकुलचंही तसंच. काट्याच्या किंवा नव्या फणीच्या दातांवर पिठाची गोळी दाबून वळायची. आकारावरून गोवेकर त्यांना ‘किड्यो’ म्हणतात. पेरादचा पेरू अमेरिकेतून आलेला. नेवरी मात्र इथलीच. चवथीला हिंदू घरात, नाताळात ख्रिस्ती घरात.

म्हणून तर हे ताट फेरीने फिरतं. भाद्रपदात नेवऱ्या एका बाजूने जातात, डिसेंबरात दुसऱ्या बाजूने येतात. सोवळं पाळणाऱ्या घरांत पूर्वी परधर्मीयांकडचं शिजवलेलं चालत नसे, हेही विसरू नये. अंडी न खाणाऱ्यांसाठी आजही जाणत्या घरांत वेगळं ताट लावतात, त्यात चण्याच्या डाळीचा दोस असतो, बेबिंका नसतो. दुःख असलेल्या घरी गोड करत नाहीत, तिथे शेजारी आठवणीने पोचवतात. दिवाळीच्या फराळाचं आपल्याकडे हेच होतं. देवांमध्येही ही देवघेव आहे: शिरगावच्या लईराई देवीकडून म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला, म्हणजे चर्चमधल्या मेरीमातेला, तेल जातं आणि सायबिणीकडून मोगरीची फुलं येतात. लोक त्यांना बहिणी मानतात.

पेयांचं थोडं निराळं. गोव्यात बाटली सहसा ताटाबरोबर जात नाही, ती पाहुण्यासाठी घरी असते. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं. बोंडूच्या रसापासून आधी उर्राक, मग पुन्हा ऊर्ध्वपातन करून फेणी. हंगाम मार्च ते मे, त्यामुळे नाताळपर्यंत ती चांगली मुरते. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. मुंबई-वसईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या, म्हणजे ईस्ट इंडियनांच्या, गावठाणांत मात्र आल्याची, द्राक्षांची, जांभळाची घरची वाइन आणि मसाले घातलेलं ‘खिमड’ हे गरम मद्य ह्यांना वेगळा मान. ही माणसं मराठीच बोलतात. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती, पुढे चिमाजीआप्पाने ती घेतली, आणि तरी त्यांच्या नाताळात न्युरी, कुलकुल, मार्झिपान राहिले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने घरगुती बाटल्यांवर संकट आलं. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता, त्याला ही झळ लागली नाही. तो मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला, नाताळच्या सहा दिवस आधी.

आज बरंचसं ताट बेकरीतून येतं. घरं लहान झाली, माणसं आखातात, पोर्तुगालात, इंग्लंडमधल्या स्विंडनसारख्या शहरांत गेली, दोदोल ढवळायला चार जणी एकत्र मिळत नाहीत. २०२३ मध्ये बेबिंकालाही भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तो वर्षभर दुकानांत दिसतो. त्याचं मला बरंच वाटतं, कारण त्यावर कितीतरी बायकांचे संसार चालतात. काळजी वाटते ती पिनाग्रची. भाजलेला तांदूळ दळून, माडाच्या गुळात आणि खोबऱ्यात वळलेल्या त्या काळसर लांबट गोळ्यांना ना थर ना रंग, दुकानाच्या काचेआड त्या उठून दिसत नाहीत. त्या शिकायच्या तर अजून करणाऱ्या एखाद्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात बसूनच शिकाव्या लागतील, आणि ते ह्याच दोन-चार डिसेंबरांत व्हायला हवं.