खुब्याचं हाड मोडलं, रॉड टाकायचा आहे: महात्मा फुले योजनेत फाईल कशी लागते

म्हातारी मोरीत घसरली, पाय आखूड दिसतो, पंजा बाहेर वळलाय आणि टाच उचलत नाही, तर खुब्याचं हाड मोडलं असं धरूनच चला. लेप-पट्टीत दिवस घालवू नका, १०८ला फोन करा. ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत झालेलं बरं, पडून राहिलं की छातीत कफ साचतो आणि पाठीला जखमा होतात. ग्रामीण रुग्णालयात फार तर एक्स-रे निघतो. रॉडसाठी, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत पीएफएनसाठी, नागपूर, यवतमाळ किंवा अकोल्याचं सरकारी मेडिकल कॉलेज, नाहीतर सेवाग्रामचा दवाखाना गाठावा लागतो. खासगीत जायचं असेल तर हाडांच्या विभागासाठी तो दवाखाना योजनेत आहे का, हे आधी योजनेच्या हेल्पलाईनला, १५५३८८ वर विचारा.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही राशन कार्ड चालतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. सत्तरी ओलांडलेल्यांना केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढता येतं. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं. वय मात्र आधारवरचंच धरतात, 'अमक्या दुष्काळात जन्मली' हे तिथे चालत नाही.

घरून अर्ज भरून न्यायचा नसतो. दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं टेबल असतं, पैसे भरण्याआधी तिथे जा. राशन कार्ड, आधार आणि एक्स-रे द्या. तो नोंद करतो, दवाखाना मंजुरी मागवतो. तातडीच्या केसमध्ये फोनवर मंजुरी घेऊन कागद मागाहून देता येतात, म्हणून कागदासाठी पेशंट घरी ठेवू नका. मोटारसायकलवरून पडून मोडलं असेल तर एमएलसीचा, म्हणजे अपघाताची पोलीस केस म्हणून दवाखान्याने केलेल्या नोंदीचा कागद मागतात.

फाईल अडते ती बहुधा दोन जागी. पोरं वेगळी झाली की आईचं नाव नेमकं कोणाच्या कार्डावर राहिलं, हे कोणालाच आठवत नाही. कुठे राशनवर गंगूबाई, आधारवर गंगाबाई. दुसरी अडचण अंगठ्याची. कापूस वेचून बोटांच्या रेघाच झिजलेल्या असतात, मशीन घेत नाही. अशावेळी चेहऱ्यावरून किंवा ओटीपीवरून पडताळणी करायला सांगा. आधारला जोडलेला मोबाईल सोबत आणा, तो बहुतेक पुण्याला गेलेल्या नातवाकडे असतो.

रॉड, भूल, औषधं, पेशंटचं जेवण आणि परतीचं एसटी भाडंसुद्धा पॅकेजमध्येच येतं. रॉडचे वेगळे पैसे मागितले तर पावती मागा आणि तिथूनच १५५३८८ लावा.