कताई-शिक्षण, सेवाग्राम

सेवाग्राम (जि. वर्धा) येथील बुनियादी शाळेत कापसाच्या पेरणीपासून कापड विणण्यापर्यंतच्या कामांना शिक्षणाचे माध्यम मानून चालवलेला अभ्यासक्रम. ‘नई तालीम’ आणि ‘वर्धा योजना’ या संज्ञा त्याच्यासाठी सर्रास वापरल्या जातात, पण उद्योगातून शिक्षण देण्याच्या गांधीजींच्या या योजनेची व्याप्ती मोठी आहे. योजनेत शेती, सुतारकाम, फळबाग, चामड्याचे काम हेही उद्योग सुचवलेले होते. सेवाग्रामला कताई (सूत कातणे) प्रधान ठरली याचे मुख्य कारण तिथल्या काळ्या, कापसाच्या जमिनीत शोधावे लागते.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने त्याच वर्षीच्या डिसेंबरात अहवाल दिला आणि १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसमध्ये योजनेला मान्यता मिळाली. पुढे ही योजना राबवणाऱ्या हिंदुस्तानी तालीमी संघाचे काम सेवाग्रामहून चालले. ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी यांनी ते प्रत्यक्षात आणले. समितीच्या वेळापत्रकात साडेपाच तासांच्या दिवसातले ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला (शिक्षणाचे माध्यम म्हणून निवडलेल्या उद्योगाला) होती, तर मातृभाषेला ४० मिनिटे. मुलांच्या कमाईवर शाळा चालवण्याच्या कल्पनेवर परिषदेतच के. टी. शाह यांनी बालमजुरीचा आक्षेप घेतला. अहवालानेही उत्पन्नाच्या नादात शिक्षण मागे पडण्याचा धोका नोंदवला होता. तो खरा होता, आणि पुढे अनेक ठिकाणी तसेच घडले.

टकळी (हाताने फिरवायची कातण्याची काडी) आधी आणि चरखा नंतर, हा शिकवण्याचा क्रम या साधनांच्या इतिहासाशीही जुळतो. चरख्याच्या प्राचीनतेबद्दल मात्र एकमत नाही. चरखा हे मूळचे भारतीय व अतिप्राचीन साधन आहे असे खादी चळवळीतील लेखनात गृहीत धरलेले आढळते. इतिहासकार इरफान हबीब यांच्या मते चरखा साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात भारतात आला. त्याचा निःसंदिग्ध उल्लेख इसामी या कवीच्या १३५० च्या सुमाराच्या फार्सी काव्यात मिळतो, आणि ‘चरखा’ हा शब्दही फार्सी ‘चर्ख’ म्हणजे चाक यावरून आलेला. कौटिलीय अर्थशास्त्रात सूत्राध्यक्षाचे (सूतकताईवरील अधिकाऱ्याचे) स्वतंत्र प्रकरण आहे आणि सुताच्या तलम-जाडपणावर मजुरी ठरवण्याचा नियमही आहे, पण तिथे चाकाचा निर्देश नाही. संस्कृतातील ‘तर्कु’ म्हणजे चाते (सूत गुंडाळणारी फिरती काडी), चाक नव्हे. त्यामुळे चरखा मागाहून आला हे मत अधिक ग्राह्य वाटते. कातण्याची कला त्याहून कितीतरी जुनी, यात वादच नाही.

शाळेचे वर्ष कापसाबरोबर फिरते. मृगाचा पाऊस पडून जमीन वाफशावर आली की सरकी टोचायची. बियांना चिकटलेले तंतू एकमेकांत गुंततात आणि बी झुपक्याने पडते. म्हणून सरकी शेणमातीच्या पातळ काल्यात घोळून, सावलीत वाळवून सुटी करतात. त्यानंतर निंदण आणि डवरणी (ओळींमधली कोळपणी). दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटू लागतात. पहिल्या वेचणीआधी विदर्भात शेतात ‘सीतादही’ची पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. वेचणी दव उडाल्यावर करावी : ओला कापूस गंजीत तापतो, पिवळा पडतो. वेचतानाच पालापाचोळा आणि कवडी (किडका, कडक कापूस) बाजूला काढली नाही, तर पुढे पिंजताना पानाचा चुरा तंतूंत असा मिसळतो की तो निघतच नाही. पहिल्या दोन वेचण्यांचा कापूस कातण्यासाठी राखतात, फरदडीचा (नंतरच्या बहराचा) गादी-उशीला जातो. तीन किलो कापसातून साधारण एक किलो रुई मिळते, बाकी सरकी. आखूड तंतूच्या गावरानी कापसाचे १० ते १६ अंकी सूत नीट निघते (अंक जितका मोठा, तितके सूत बारीक). त्याहून बारीक कातण्याचा हट्ट केला की धागा तुटतच राहतो.

सरकी काढायला पाट आणि लोखंडी सळई पुरते. पाटावर कापसाची एकेक बोंडकी ठेवून सळई दाबून पुढे लोटली की सरकी समोर उडते. सरकी फुटली तर सळईवर जोर जास्त पडला असे समजावे. फुटक्या सरकीचे तेल रुईला लागून डाग पडतात. कापसाला आधी तासभर ऊन दाखवले तर सरकी सहज सुटते.

पिंजण आणि पेळू (पिंजलेल्या रुईची कातण्यासाठीची वळी) ही खरी कसोटी, आणि इथेच हवामानाचा संबंध सर्वाधिक. पिंजणीची तात, म्हणजे रुई पिंजणारी दोरी, आतड्याची असते. पावसाळी हवेत ती सैल पडते, आवाज बोदा येतो आणि रुई तातीला लपेटू लागते. म्हणून हिवाळ्यातल्या कोरड्या दिवसांत पिंजून पेळू करायचे, आणि पावसाळ्याची बेगमी झाकणाच्या डब्यात ठेवायची. दाबून भरलेला पेळू मात्र निर्जीव होतो. पेळू वीतभर लांब, करंगळीएवढा जाड. उजेडापुढे धरला असता त्यात गाठ दिसू नये आणि टोक हलके ओढले की तंतू एकसारखे सुटून यावेत. पिंजण नसेल तर बोटांनी तंतू उलगडून सरळ करण्याची ‘तुनाई’ करतात. ती वेळखाऊ आहे, पण लहान मुलांच्या हाताला तंतूची ओळख तिच्याइतकी दुसऱ्या कशानेच होत नाही.

कातण्याचे उलटे. वर्ध्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तंतू ठिसूळ होतात, उडतात, एकमेकांना धरत नाहीत. त्यामुळे उन्हाळ्यात कताई सकाळी लवकर. दमट हवेत सूत चिवट निघते, म्हणून श्रावण-भाद्रपद हा कातण्याचा उत्तम काळ. मात्र तेव्हा चरख्याची सुती माळ (चाक आणि चाते जोडणारी दोरी) आखडून चाक जड चालते, आणि उन्हाळ्यात तीच ढिली पडून चात्यावर घसरते. घसरणाऱ्या माळेला राळ लावतात, घामेजल्या बोटांना चिमूटभर राख. भाद्रपद वद्य द्वादशी ही गांधीजींची जन्मतिथी ‘चरखा द्वादशी’ म्हणून याच हंगामात येते.

टकळी म्हणजे सुमारे सात इंचांची पोलादी काडी आणि खाली पितळी चकती. चकती मध्यावर नसेल तर टकळी डुलते आणि पीळ कमी-जास्त पडतो. पीळ जास्त झाला तर सैल सोडताच धागा कुरळा होऊन स्वतःभोवती गुंडाळतो, कमी पडला तर ओढताच सुटतो. तुटलेल्या धाग्याला गाठ मारणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. टोकाचा पीळ इंचभर उकलून, तंतू विस्कटून, त्यांवर पेळूचे तंतू ठेवून पीळ द्यायचा. सांधा दिसता कामा नये.

मोजमाप हे गणिताचे पुस्तकच. चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी, चार लटींची म्हणजे ६४० तारांची गुंडी. गुंडीचे वजन तोळ्यांत काढून त्याने ४० ला भागले की सुताचा अंक मिळतो : दोन तोळ्यांची गुंडी २० अंकी, चार तोळ्यांची १० अंकी. हे सूत्र व्यवहारापुरते आहे, नेमका भाजक साडेएकोणचाळीसच्या आसपास येतो. हात बसल्यावर टकळीवर तासाला साधारण एक लटी होते. १९४८ नंतर १२ फेब्रुवारीला पवनारच्या सर्वोदय मेळ्यात वाहिली जाणारी सूतांजली म्हणजे अशीच एक गुंडी. फाळक्यावरून (सूत गुंडाळण्याच्या चौकटीवरून) उतरवण्यापूर्वी गुंडीवर पाणी शिंपडून ती तशीच वाळू द्यावी, नाहीतर पीळ बसत नाही.

विणकाम वरच्या वर्गांत येते. ३६ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) एक वार साध्या कापडाला सुमारे चार गुंड्या लागतात. मुलांचे सूत ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) टिकत नाही, कारण गाठी मागाच्या फणीत अडकतात. असे सूत दुहेरी करून किंवा खळ देऊन घेतात, तरीही न टिकल्यास त्याची आसने, निवार, पट्ट्या होतात. ज्या शाळांनी शेत व पिंजण सोडून तयार पेळू विकत आणले, तिथे कताई नुसता तासिकेचा विषय उरला. तंतू का तुटतो याचे उत्तर शोधायला वेचणीपर्यंत मागे जाण्याची सोयच तिथे राहिली नाही. सेवाग्रामची शाळा मध्यंतरी बंद पडली होती. २००५ पासून ‘आनंद निकेतन’ म्हणून ती पुन्हा भरते, आणि शेती व कताई आजही तिच्या कामाचा भाग आहेत.