माहितीपटातील ध्वनी व प्रकाश

खरी माणसे, स्थळे व घटना पडद्यावर आणताना आवाज आणि उजेड यांच्या निवडीतून प्रेक्षकाच्या मनात भाव जागविण्याची ही रीत आहे. कथापटात दोन्ही गोष्टी हव्या तशा रचता येतात. माहितीपटात त्या बहुधा जागेवर सापडतात, म्हणून येथे रचनेपेक्षा निवडीची कसोटी लागते.

चित्रणासोबत आवाज जागेवरच नोंदविणे फार काळ अवघड होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस खांद्याला अडकवता येणारी ध्वनिमुद्रण यंत्रे आणि हलके १६ मिमी. कॅमेरे आले, तेव्हा माणसाचे बोलणे त्याच्याच अंगणात टिपता येऊ लागले आणि सर्वज्ञ निवेदकाची गरज कमी झाली.

कोल्हापूरच्या तालमीत पहाटे चित्रण केले, तर लाल मातीच्या हौद्यात मल्लांचे धापा टाकणे, शड्डूचा ठोका आणि वस्तादांची एखादी तुटक सूचना एवढ्यानेच प्रेक्षक हौद्याच्या काठावर येऊन उभा राहतो. याच दृश्यावर हलगी चढविली की कष्टाची जागा शौर्य घेते. हलगी कुस्तीच्या मैदानात खरोखर वाजते, पण त्या पहाटे ती वाजत नव्हती. मैदानातील जोश सरावावर लादणे हे, प्रस्तुत लेखकाच्या मते, प्रेक्षकाची दिशाभूल करणे होय. संकलनासाठी प्रत्येक जागेची निव्वळ शांतताही अर्धा-एक मिनिट नोंदवून ठेवतात, कारण पूर्ण निःशब्द तुकडा कानाला खोटा वाटतो.

प्रकाशाचे भान कोल्हापूरला जुने आहे. येथील चित्रपट-दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी ‘सिंहगड’ (१९२३) या मूकपटातील रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. माहितीपटात मात्र दिवा लावणे म्हणजे जागा थोडी बदलणेच असते. गुऱ्हाळात चुलाणाचा जाळ आणि काहिलीवरची वाफ पाठीमागून येणाऱ्या उजेडात उठून दिसते व गुळव्याचा (गूळ रांधणाऱ्याचा) घामेजलेला चेहरा तांबूस, आपलासा वाटतो. सुमारे ५६०० केल्व्हिनचा (केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप), म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा दिवा समोरून टाकला की तीच जागा एखाद्या तपासणीसारखी कोरडी होते.

अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सवात तर उजेड हाच विषय असतो. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीअखेरीस ठरावीक दिवशी मावळतीचे किरण मूर्तीच्या चरणांवरून मुखाकडे चढतात, तेव्हा चित्रणकाराने वेगळा दिवा न लावता वाट पाहायची असते. ढग आले तर किरण गाभाऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि जमलेल्या भाविकांचे ते थांबून राहणे, मग हळूहळू पुन्हा सुरू होणारी कुजबुज, हेही तितक्याच आस्थेने टिपावे लागते.